घरचा दाखला

पाळकीणबाईंचा चष्मा एकदा दिवसभर हरवला होता आणि संध्याकाळी तो त्यांच्याच डोक्यावर सापडला. अशी गोष्ट कोणाच्याही घरी घडते आणि घरातच जिरून जाते. पण ही घडली पाळकांच्या घरी, त्यामुळे पुढच्या रविवारी ती भरलेल्या चर्चने ऐकली. "माझी पत्नी," पाळक व्यासपीठावरून म्हणाले, "कपाटं उपसत होती, उशा झटकत होती, मधूनमधून मला दोष देत होती. आणि चष्मा कुठे होता? डोक्यावर. देवाची कृपा अशीच असते. आपण ती जगभर शोधतो, आणि ती आधीपासून आपल्यावरच असते." मंडळी हसली, दोघा-चौघांनी डोळे पुसले, आणि सोमवारी भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाने बाईंना विचारलं, "काय बाई, चष्मा जागेवर आहे ना?"

बाईंच्या संसाराची सगळी वर्षं अशीच गेली. दूध उतू गेलं, झाला रविवारच्या उपदेशातला दाखला. नळ गळायला लागला, झाला दाखला. सुपात चुकून दोनदा मीठ पडलं, तर पाळकांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करण्याऐवजी डोळे मिटले, आणि बाईंनी ओळखलं की आता हा माणूस सूप पीत नाहीये, रविवारची तयारी करतोय. एकदा तर पाळक स्वतःच लग्नाचा वाढदिवस विसरले. त्याचाही दाखला झाला, आणि त्यात खापर कसं कोण जाणे बाईंच्याच डोक्यावर फुटलं.

"प्रभूनेही गोष्टीच सांगितल्या," पाळक म्हणायचे. "बी पेरणाऱ्याची, पिठात खमीर मिसळणाऱ्या बाईची. रोजच्या घरातल्याच ना?"

"त्या बाईला माहीत होतं का, की तिची गोष्ट सांगताहेत म्हणून?" बाई विचारायच्या. पाळक हसायचे आणि खिशातली पेन्सिल काढून जुन्या पाकिटाच्या मागे काहीतरी खरडायचे, म्हणजे हेही रविवारी गेलंच.

तरी बाईंना त्यांचा फार वेळ राग धरता येत नसे, आणि त्याला एक बटण कारण होतं. पांढरा दोरा संपला म्हणून बाईंनी नवऱ्याच्या शर्टाचं बटण एकदा निळ्या दोऱ्याने लावलं होतं. शर्ट विटला, कॉलर फाटली, पण ते बटण काही हललं नाही. पाळकांनी त्यावर सांगितलं की प्रेमाचा रंग जुळला नाही तरी चालतं, टाका पक्का पाहिजे. त्या दिवशी शेवटच्या बाकावर दिव्यांच्या दुकानाचे मालक बसले होते. बायको गेल्यापासून त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती, त्या दिवशी बहीण ओढून घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या दारात उभे राहिले, कोटाचं पुढचं बटण दाखवलं आणि म्हणाले, "हे तिनं लावलेलं आहे. कोट तपकिरी आणि दोरा काळा. मी तिला बोललो होतो तेव्हा." मग ते पायरीवरच बसून रडले. बाईंनी त्यांना चहा दिला. असा नवरा असल्यावर चष्म्याची थट्टा सहन करावी लागते, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

लेकीचं मात्र तसं झालं नाही.

लेक बारा वर्षांची होती तेव्हा एका संध्याकाळी तिनं बाबांना कानात सांगितलं, की तिला घरातल्या बोळाची भीती वाटते. दिवा लावायला बोळाच्या टोकाला जावं लागतं, तिथवर ती भिंतीला हात लावून जाते आणि भिंतीशी हळू आवाजात बोलते, म्हणजे कोणीतरी सोबत आहे असं वाटतं. पाळकांना ते इतकं आवडलं, की त्यांचे डोळे भरून आले. रविवारी त्यांनी ते सांगितलं. अंधारात हाताला लागणारी भिंत म्हणजे विश्वास, असं काहीतरी. फार सुंदर झालं होतं ते, बाईंना अजून आठवतं. पण रविवारच्या शाळेतल्या पोरांनी लेकीला त्याच दिवसापासून "भिंत" म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव ती शाळा सोडेपर्यंत तिच्या मागे लागलं.

तेव्हापासून लेक बाबांशी एकच शब्द बोलायची. शाळा कशी होती? ठीक. पोटात दुखतंय? ठीक आहे. नोकरी लागून ती दुसऱ्या शहरात गेली, नकाशे तयार करणाऱ्या एका कचेरीत. फोनवर बाबांना "ठीक आहे" म्हणायची आणि बाकीचं सगळं आईला सांगायची. पाळक फोन बायकोच्या हातात द्यायचे आणि शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचत बसायचे. त्या वेळात पेपरचं पान एकदाही उलटलं जात नसे.

आता ती घरी आली होती, आणि का आली ते सगळ्या मंडळीला माहीत होतं. कारण तिच्या लग्नाची पुकार याच चर्चमध्ये झाली होती. रीत अशी, की लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं व्यासपीठावरून वाचायची आणि कोणाची हरकत आहे का ते विचारायचं. पहिले दोन रविवार पाळकांनी स्वतः वाचलं, आवाज चढवून, जणू कोणी हरकत घेतलीच तर त्याला बघून घेईन अशा थाटात. तिसऱ्या रविवारी त्यांनी वाचलं नाही. आदल्या दिवशी लेकीनं आईला फोन करून सांगितलं होतं, "मोडलं, आई. मीच मोडलं. का ते विचारू नकोस." आणि आईला सगळं सांगणाऱ्या मुलीनं या खेपेला आईलाही पुढे काही सांगितलं नाही.

ती आली तेव्हा गालफडं बसली होती. दारातच, हातातली बॅग खाली न ठेवता, ती म्हणाली, "थोडे दिवस राहते. पण आई, एक सांगून ठेवते. चर्चमध्ये माझ्याबद्दल एक शब्द जरी कानावर आला ना, तर त्याच दिवशीच्या बसने परत जाईन. बाबांना तू सांग."

"तूच सांग की."

"मी बाबांना काही सांगत नाही. तुला माहितीये ते."

पाळक आतल्या खोलीत होते आणि त्या घराच्या भिंती काही जाड नव्हत्या. बाई आत गेल्या तेव्हा ते खिडकीशी पाठमोरे उभे होते. "ऐकलं मी," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय. एक शब्द नाही." त्यांनी खिशातली पेन्सिल काढून बायकोच्या हातात दिली. बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं, एखाद्याने स्वतःहून शस्त्र खाली ठेवावं तसं ते दिसत होतं.

बाईंना एवढंच हवं होतं, की पोरीनं राहावं. तिकडे परत गेली तर ती एकटी खोलीत बसणार, जेवणार नाही, रडणार आणि फोनवर ठीक आहे म्हणणार. इथे निदान ताट समोर ठेवता येत होतं.

पण रविवारचा पाठ आडवा आला. त्यांच्या चर्चमध्ये कोणत्या रविवारी शास्त्राचा कोणता भाग वाचायचा ते वर्षभराचं आधीच ठरलेलं असतं. आणि येत्या रविवारी नेमका तो पाठ होता: घर सोडून गेलेला, सगळं उधळून बसलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला लांबूनच ओळखून धावत सुटतो, तो.

"बदला," बाई जेवताना दबक्या आवाजात म्हणाल्या. लेक लवकर जेवून खोलीत गेली होती.

"मला नाही बदलता येत. ते वरून येतं."

"वरून म्हणजे?"

"मुख्य कार्यालयातून."

"मग पाठ वाचा, आणि त्यावर दुसरंच काहीतरी सांगा."

इथून तो सगळा आठवडा कठीण गेला. पाळक रोज जेवणाच्या टेबलावर एक गोष्ट आणायचे आणि बाई ती मोडीत काढायच्या. "पोस्टमनची सायकल चोरीला गेली होती, ती चोराने आपणहून परत आणून ठेवली." "परत आणली? नको." "बरं, शेजारचं मांजर. आठवडाभर गायब होतं आणि काल खिडकीत..." "मांजर तर मुळीच नको." "माझा कोट धोब्याकडून दुसऱ्याच कोणाकडे गेला होता आणि..." "अहो, परत येणारं काहीच नको. कोट परत आला म्हटलं, की सगळ्या माना आपल्या बाकाकडे वळणार." पाळक हिरमुसले होऊन भाकरीचा तुकडा मोडत बसायचे. ज्याला जन्मभर सगळीकडे दाखले दिसले, त्याला आता दिसत होते तेवढे सगळे त्याच्याच लेकीचे होते.

शेवटी शुक्रवारी त्यांना वाट सापडली. "गोष्टीतला मोठा भाऊ," ते म्हणाले. "जो घरीच राहतो आणि रुसतो. त्याच्यावर बोलतो. आपल्याकडे मोठा भाऊच नाही."

बाईंनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. "चालेल," त्या म्हणाल्या.

शनिवारी न्हाणीघरातून त्यांची तालीम ऐकू येत होती. घरातलं एक भांडं नाही, बटण नाही, मांजर नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"रुक्ष आहे," बाई म्हणाल्या. "फार छान आहे."

या सगळ्या दिवसांत पाळक रोज सकाळी चहाचा कप घेऊन लेकीच्या दाराशी जायचे. "बरी आहेस ना?" "ठीक आहे, बाबा." मग कप आत जायचा आणि दार लागायचं. एकदा बाईंनी पाहिलं, दार लागल्यावरही ते तिथेच उभे होते, हात असे अर्धवट पुढे केलेले, कप अजून हातात असल्यासारखे.

रविवारी लेक चर्चला आली. यायलाच हवं असं कोणी म्हटलं नव्हतं, पण लपून बसलेय असं कोणाला वाटायला नको, म्हणून आली. बाजूच्या दाराजवळ, मागच्या बाकावर बसली. बाई नेहमीच्या जागी, पुढच्या बाकावर. माना वळल्या, पण सभ्यपणे वळल्या. गाणी झाली, पाठ वाचून झाला. पाळकांनी तो सपाट आवाजात वाचला, बाप धावतो तिथे तर इतक्या घाईने, की बाप धावला की चालला ते कळलंच नाही. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. आता फक्त मोठा भाऊ, मग आशीर्वाद, की घरी जाऊन जेवायला मोकळे.

त्या दोघांनी सगळा विचार केला होता. फक्त चष्मेवाले काका त्यांच्या लक्षात आले नव्हते.

चष्मेवाले काका म्हणजे मंडळीतले सगळ्यांत जुने वडीलधारे. चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. संदेशाच्या आधीची प्रार्थना त्यांच्याकडे असायची आणि ती इतकी लांबायची, की बायका घरून निघताना ओव्हनचा अंदाज काकांच्या प्रार्थनेवर ठेवायच्या. काका उभे राहिले, सगळ्यांनी डोळे मिटले. म्हणजे पाळकीणबाई सोडून. त्या प्रार्थनेत एकच डोळा मिटत, दुसरा मंडळीवर असे. इतक्या वर्षांची सवय, देवालाही ती माहीत होती.

काकांनी राज्यकर्त्यांसाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, परीक्षेला बसलेल्यांसाठी आणि प्रवासात असलेल्यांसाठी मागितलं. मग त्यांचा आवाज ओला झाला.

"आणि हे प्रभू, आजच्या पाठातल्यासारखंच तू आमच्या पाळकांच्या घरीही केलंस. त्यांचं लेकरू दूर गेलं होतं, ते तू परत आणलंस. तिचं ठरलेलं मोडलं, ती रिकाम्या हातानं आली. तिची जी काही चूक झाली असेल ती तू पोटात घाल..."

काकांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. लेक चालायला लागली तेव्हा तिचं बोट धरून तिला याच बाकांमधून फिरवणारे तेच होते, आणि आता ते मनापासून रडत होते. पण मागे बाक करकरला. बाईंनी उघड्या डोळ्याने मागे पाहिलं. लेक उठली होती. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. ती बाजूच्या दाराने बाहेर पडली आणि दार तिनं आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

त्यांनी समोर पाहिलं. व्यासपीठावर पाळकांचेही डोळे उघडे होते. त्यांनी ती जाताना पाहिली होती. पांढऱ्या झग्यात ते तसेच उभे होते, दोन्ही हातांनी मोठ्या भावाचे कागद धरून. काका प्रार्थनेत आता चर्चच्या गळक्या छपरापर्यंत पोचले होते, म्हणजे अजून बराच वेळ होता. साऱ्या चर्चमध्ये फक्त नवराबायकोचे डोळे उघडे होते आणि ते एकमेकांकडे बघत होते. पाळकांच्या नजरेत सरळ प्रश्न होता: मी इथून कसा जाऊ?

बाईंनी हनुवटीनं दाराकडे खूण केली. मग ओठांनी, आवाज न करता, एकच शब्द म्हणाल्या. जा.

पाळकांनी कागद ठेवले. झगा दोन्ही हातांनी वर उचलला, व्यासपीठाच्या पायऱ्या पाय न वाजवता उतरले, तिसरी पायरी वाजलीच, आणि बाजूच्या दाराने ते बाहेर पडले. काका गळक्या छपराखाली बसणाऱ्या विधवांसाठी प्रार्थना करत होते.

शेवटी आमेन झालं. सगळ्यांनी डोळे उघडले, पुस्तकं सरकवली, खाकरून घेतलं आणि वर पाहिलं. व्यासपीठ रिकामं होतं.

ऑर्गन वाजवणाऱ्या नर्सबाईंनी बाईंकडे पाहिलं. दिव्यांच्या दुकानाच्या मालकांनी बाईंकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "पाळक कुठे गेले?"

बाई उभ्या राहिल्या. आणि त्याच क्षणी त्यांच्या जिभेवर दाखला येऊन उभा राहिला, पूर्ण तयार, घडीचा. आजचा पाठ ऐकलात ना काका, त्यातला बाप काय करतो, तेच करायला गेलेत. एवढंच म्हणायचं होतं. सगळं चर्च हेलावून गेलं असतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो वर्षानुवर्षं एकमेकांना सांगितला असता. आणि त्यात पुन्हा त्यांची लेक असती, उधळून परत आलेली, चुकलेली, जे ती नव्हतीच. बाईंनी तो दाखला गिळला. घशात अडकणाऱ्या मोठ्या गोळीसारखा तो खाली गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना नवऱ्याची कीव आली. हे एवढं कठीण असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"त्यांना जरा काम निघालं," त्या म्हणाल्या. "येतील. तोवर आपण गाऊ या. सगळी कडवी."

नर्सबाईंनी सूर धरला. मंडळी गायला लागली, थोडी बावरलेली. बाई गातगातच बाजूच्या दारापर्यंत गेल्या आणि दार वीतभर उघडून बाहेर पाहिलं.

काकांच्या प्रार्थनेत एवढा वेळ नक्कीच गेला होता, की कोणी चर्चशेजारच्याच आपल्या घरात जाऊन बॅग घेऊन समोरचा बसस्टॉप गाठू शकेल. लेक स्टॉपच्या बाकावर बसली होती. बॅग मांडीवर. आणि तिचा बाप, बहुधा आधी घरात शोधून, आता रस्ता ओलांडत होता, गुडघा दुखतोय म्हणून महिनाभर जिने टाळणारा माणूस, झगा पोटऱ्यांपर्यंत वर धरून, धावत. फार वाईट धावत होता. एक मोटार करकचून थांबली, चालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, झगा पाहून पुन्हा आत घेतलं.

पाळक बाकापाशी पोचले आणि बसले. धापा टाकत होते, त्यामुळे त्यांना बोलताच येत नव्हतं. बाईंना वाटलं, बरं आहे. हात गुडघ्यांवर ठेवून ते नुसते बसले. लेक समोर बघत होती. मग ती काहीतरी म्हणाली. रागात म्हणाली, हे तिच्या खांद्यांवरून कळलं. त्यांनी मान हलवली. ती पुन्हा बोलली, जास्त वेळ. त्यांनी तोंड उघडलं आणि, बाईंनी नीट पाहिलं, मिटलं.

तेवढ्यात बस आली आणि मध्ये उभी राहिली. दार उघडल्याचा सुस्कारा ऐकू आला. मागे मंडळी शेवटच्या कडव्यावर होती. बाईंनी आपलं गाणं थांबवलं, पण डोळे मिटले नाहीत. प्रार्थनाही त्यांना सुचली नाही, नुसतं "राहू दे, राहू दे" एवढंच सुचलं. बस हलली, पुढे गेली. बाकावर दोघंही होते. लेक बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. तिनं बॅग मांडीवरून खाली ठेवली होती. पाळकांनी झग्याची बाही पुढे केली आणि तिनं त्या बाहीला नाक पुसलं.

"दुसरं गाणं," बाई दारातून मागे वळून म्हणाल्या. "तेही पूर्ण."

तिसरं गाणं संपत आलं तेव्हा पाळक आत आले. एकटे. झग्याची कड मळली होती, चेहरा लाल झाला होता. ते व्यासपीठावर चढले, मोठ्या भावाचे कागद उचलले, त्यांच्याकडे पाहिलं आणि घडी करून खिशात घातले. "आजचा पाठ तुम्ही ऐकलाय," ते म्हणाले. "तो मी घाईत वाचला. पुन्हा वाचतो." आणि त्यांनी तो सावकाश वाचला. बाप धावतो तिथे ते जरा थांबले, मग पुढे गेले. वाचून झाल्यावर सगळे मान वर करून थांबले, आता दाखला येणार म्हणून. पाळकांनी हात वर करून आशीर्वाद दिला आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

दाराशी काकांनी त्यांचा हात धरला. "साहेब, माझं काही चुकलं का?"

"तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना केलीत, काका. करतच राहा. फक्त तिची मनातल्या मनात करा." काका एकदम म्हातारे दिसायला लागले, तेव्हा पाळकांनी त्यांना मिठी मारली. "मलाही हे आत्ताच कळलंय," ते म्हणाले.

घरी लेक तोंड धुवायला गेली होती. पाळक स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसले. हे काम त्यांना येत नाही, अर्धा बटाटा सालीबरोबर जातो, पण आज बाईंनी त्यांना उठवलं नाही. त्यांना दुसरीच घाई होती.

"काय म्हणाली?"

"बोलली."

"ते मी दारातून पाहिलं. काय बोलली?"

"ते तिचं आहे."

"मी आई आहे तिची."

"मग तिला विचार."

बाईंनी अंदाज बांधून पाहिले. त्याच्या घरच्यांचं काही होतं का? पाळक बटाटा सोलत राहिले. दुसरी कोणी होती का? सोलत राहिले. त्यानं हात उगारला होता का? पाळकांचा हात क्षणभर थांबला, की सुरी अडकली, ते कळलं नाही, आणि पुन्हा साल निघायला लागली. ज्या माणसाच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही तो आज तोंड शिवून बसला होता, आणि नेमकं आजच बाईंना सगळं ऐकायचं होतं. त्या इतक्या चिडल्या, की त्यांनी झाकणी आपटली. इतक्या वर्षांत त्यांनी देवाजवळ याच माणसाला थोडं गप्प कर म्हणून किती वेळा मागितलं होतं.

"अहो, निदान एवढं सांगा, चूक तिची होती का?"

"नाही," पाळक म्हणाले. मग साल काढत, "हेही मी सांगायला नको होतं."

लेक दारात उभी होती. केव्हापासून ते कोणाला कळलं नाही. "खरंच सांगितलं नाहीत?" ती म्हणाली. "आईलासुद्धा?"

"तू मला सांगितलंस," पाळक म्हणाले. "आईला सांगायचं का, ते तू ठरव."

बाईंना वाटलं लेक आता रडणार. पण तिनं स्टूल ओढलं, बापासमोर बसली, त्यांच्या हातातला सोलून सोलून लहान झालेला बटाटा काढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, मघाशी मी सगळं नव्हतं सांगितलं."

पाळकांनी सुरी खाली ठेवली.

पाळकीणबाईंचे कान टवकारले. त्यांना ते सगळं ऐकायचं होतं. त्यांनी शेगडी बारीक केली, हात पुसले आणि म्हणाल्या, "मी जरा दोरीवरचे कपडे बघून येते." रविवारी त्या घरात कपडे धूत नसत, हे तिघांनाही माहीत होतं. लेकीनं वर पाहिलं आणि ती थोडीशी हसली.

बाहेर येऊन बाईंनी मागचं दार ओढून घेतलं. अंगणात दोरी रिकामी होती. आतून लेकीचा आवाज येत होता, मध्येच थांबणारा, आणि पाळकांचा आवाज येतच नव्हता. शब्द अजून थोडेथोडे कळत होते. म्हणून त्या आणखी लांब, फाटकापर्यंत गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या.